दिवा लाल झाला, पण पाहिला कोणी?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका २००९ मध्ये संपली, पण तिच्या चाहत्यांमधला एक वाद अजून मिटलेला नाही. डॉक्टर गायस बाल्टारने बनवलेले सायलॉन ओळखणारे यंत्र खरोखर चालत होते का? ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी, आणि पुढे कथानकातली गुपितेही फुटणार आहेत, हेही आधीच सांगितलेले बरे. माणसांनीच घडवलेले सायलॉन माणसांवर उलटतात, त्यांच्या बारा वसाहती अण्वस्त्रांनी बेचिराख करतात आणि वाचलेली सुमारे ५० हजार माणसे एका जुन्या युद्धनौकेच्या आधाराने अंतराळात पळत सुटतात. १९७८ च्या मूळ मालिकेतले सायलॉन धातूचे होते, लांबूनच ओळखू यायचे. रोनाल्ड मूर यांनी २००३ मध्ये त्याच कथेची नव्याने मांडणी केली, तेव्हा काही सायलॉनांना हुबेहूब माणसाचा देह दिला. ते खातात, पितात, प्रेमात पडतात, रक्तबंबाळ होतात. त्यातल्या काहींना तर आपण सायलॉन आहोत याचा स्वतःलाच पत्ता नसतो. ताफ्यातला कोण आपला आणि कोण परका हे कळायला मार्ग नाही, अशा वेळी एक हुशार, देखणा आणि पुरेसा भित्रा शास्त्रज्ञ पुढे येतो आणि सांगतो की रक्ताच्या नमुन्यावरून मी सायलॉन ओळखून दाखवतो. माणूस असेल तर हिरवा दिवा, सायलॉन असेल तर लाल.

चाहत्यांचा वाद पेटतो तो एलेन टाय या व्यक्तिरेखेपाशी. पहिल्या पर्वात बाल्टार तिची चाचणी घेतो आणि ती माणूस असल्याचे जाहीर करतो. मग त्याला एकट्यालाच दिसणारी त्याची मायावी सोबतीण विचारते, खरे काय ते सांग. तो सांगत नाही, नुसता हसतो. पुढे चौथ्या पर्वात उघड होते की ‘अंतिम पाच’ म्हणून गूढ बनलेल्या सायलॉनांपैकी शेवटची हीच. झाले, तर्कांना ऊत आला. एका गटाचे म्हणणे असे की यंत्र अचूकच होते, लाल दिवा लागला होता आणि बाल्टार खोटे बोलला. दुसऱ्या गटाच्या मते यंत्राची जुळणी ज्ञात सात सायलॉन प्रकारांवर झालेली होती, अंतिम पाचांची घडण वेगळी, त्यामुळे एलेनच्या वेळी दिवा प्रामाणिकपणे हिरवा झाला. या गटाकडे एक चांगला पुरावाही आहे. सुरुवातीच्या लघुमालिकेत रॅग्नार नावाच्या शस्त्रसाठ्याच्या ठिकाणी असे काही प्रारण असते की लिओबेन हा सायलॉन तिथे आजारी पडतो. एलेनचा नवरा कर्नल टाय आणि युद्धनौकेवरचा टायरॉल हे दोघेही पुढे अंतिम पाचांतले निघतात, ते त्याच परिसरात आलेले असतात, पण त्यांना काहीही होत नाही. तिसरा गट सरळ म्हणतो की यंत्र म्हणजे थोतांड, आणि जे बरोबर निघाले ते योगायोगाने.

या तिन्ही तर्कांत मला दुसरा सर्वांत पटण्याजोगा वाटतो. तरीही तिन्ही गट एकाच चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत आहेत असे माझे मत आहे. यंत्र अचूक होते की नाही हे ठरवता आले तरी ताफ्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. कारण यंत्राचा निकाल आणि ताफ्याला कळलेला निकाल यांच्यामध्ये एक माणूस उभा होता, आणि त्याच्यावर कोणाचेही लक्ष नव्हते. मालिकेने हे लपवलेले नाही. बूमर ही वैमानिक, तिला स्वतःबद्दल शंका येऊ लागते आणि ती आपणहून चाचणीला येते. दिवा लाल होतो. यंत्राने आपले काम चोख केले आहे, यात प्रेक्षकाला शंका उरत नाही. पण खरे सांगितले तर ही आपल्याला इथेच ठार करील या धास्तीने बाल्टार तिला सांगतो की तू माणूस आहेस, जा. पहिले पर्व संपताना तीच बूमर कमांडर अडामाच्या छातीत गोळ्या घालते. अचूक यंत्र आणि चुकीचा निकाल, दोन्ही एकाच खोलीत, एकाच मिनिटात. एलेनच्या दिव्याचा रंग कोणता होता यावर वर्षानुवर्षे खल करणाऱ्यांनी बूमरच्या दिव्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

याच्या उलट उदाहरणही कथेतच आहे. लघुमालिकेत बाल्टारला युद्धनौकेच्या रडारसारख्या यंत्रणेवर चिकटवलेले एक संशयास्पद उपकरण दिसते. ते आपल्याला कसे ओळखू आले हे सांगितले तर स्वतःचीच गुपिते बाहेर येतील, म्हणून तो डोरल नावाच्या जनसंपर्क अधिकाऱ्यावर बोट ठेवतो. आपल्याकडे शास्त्रीय पद्धत आहे असा आव आणतो, पण ती पूर्ण थाप असते. डोरलला रॅग्नारवर मागे सोडून दिले जाते, तो ओरडून सांगत राहतो की मी माणूस आहे. आणि शेवटी तो खरोखरच सायलॉन निघतो. म्हणजे पद्धत शून्य, निकाल अचूक. निकाल बरोबर आला की पद्धत सिद्ध झाली असे मानायची आपली जी सवय आहे, तिला लेखकांनी इथे सफाईने चकवले आहे. बाल्टारची पत वाढली ती या थापेमुळे.

आता अचूकतेचाच मुद्दा घ्यायचा तर त्यातले गणितही चाहते सहसा अर्धेच मांडतात. मालिकेत एका नमुन्याला सुमारे ११ तास लागतात. ताफ्यात त्या सुमारास ४८ हजार माणसे धरली तर हिशोब होतो ५ लाख २८ हजार तासांचा, म्हणजे दिवसरात्र काम करून साठ वर्षांचा. हा हिशोब मालिकेतही येतो आणि चाहतेही तो चवीने सांगतात. पण दुसरा हिशोब जास्त महत्त्वाचा आहे. समजा, यंत्र शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर आहे आणि ताफ्यात ५० सायलॉन लपले आहेत. सगळ्यांची चाचणी घेतली तर ५० पैकी जवळजवळ सगळे सापडतील. पण उरलेल्या ४७ हजार ९५० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे ४८० जणांच्या नावानेही लाल दिवा लागेल. लाल दिवा लागलेल्या दहा जणांत नऊ निर्दोष. ताफ्याचे कायदे काय आहेत ते मालिकेत दिसतेच. सायलॉन ठरला की एअरलॉकमधून थेट अंतराळात.

हे गणित केवळ कथेपुरते नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ मध्ये, म्हणजे ही लघुमालिका आली त्याच वर्षी, पॉलिग्राफवर एक अहवाल दिला. दहा हजार कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे गृहीत धरून त्यांनी हिशोब मांडला. दहापैकी आठ हेर सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली तर जवळपास १,६०० निर्दोष माणसेही संशयित ठरतात. निर्दोषांची संख्या चाळिशीच्या आसपास आणायची म्हटली तर दहातले आठ हेर खुशाल सुटतात. मधला सुखाचा मार्ग नाही. आणि प्रत्यक्षात काय झाले तेही नोंदलेले आहे. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा तो पॉलिग्राफमधून पार पडला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. पॉलिग्राफची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक, विल्यम मार्स्टन, यांनीच पुढे ‘वंडर वुमन’ जन्माला घातली, आणि तिच्या हाती खरे बोलायला लावणारा दोरखंड दिला, ही गंमत जाता जाता सांगायलाच हवी. खोटे पकडणाऱ्या यंत्रांचे आणि कल्पित कथांचे नाते तेव्हापासूनचे आहे.

अचूकता शून्य असतानाही यंत्र वर्षानुवर्षे चालू शकते, हे तर इराकने दाखवून दिले. ‘एडीई ६५१’ नावाचे बॉम्बशोधक यंत्र तिथल्या नाक्यानाक्यावर वापरले जात होते. हातात मूठ, पुढे फिरणारी आकाशकाडी (अँटेना) आणि आत काहीही नाही. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधून देतो अशा भूलथापेने विकल्या जाणाऱ्या एका खेळण्यावरून ते उचललेले होते. विकणारा ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅकॉर्मिक २०१३ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तरीही ती यंत्रे नाक्यांवर दिसत राहिली. जुलै २०१६ मध्ये बगदादच्या करादा भागात भीषण स्फोट झाला, त्यानंतर कुठे पंतप्रधान हैदर अल्-अबादी यांनी ती काढून घेण्याचा आदेश दिला. आकाशकाडी वळली तर शिपायाचे बरोबर, न वळली तरी बरोबर, कारण स्फोटके सापडली नाहीत म्हणजे नव्हतीच असे म्हणायला तो मोकळा. बाल्टारची प्रयोगशाळा आणि बगदादचा नाका यांत तंत्रज्ञानाचे अंतर कितीही असो, दोन्हीकडे दुसऱ्या कोणी पडताळून पाहण्याची सोय नव्हती.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की ज्या प्रश्नाचे उत्तर लेखकांनाच ठाऊक नव्हते त्यावर चाहत्यांनी डोके का शिणवावे? आक्षेपात तथ्य आहे. अंतिम पाच कोण हे लेखकांनी तिसऱ्या पर्वाच्या सुमारास ठरवले. मालिकेच्या आरंभी दर भागात सायलॉनांची एक योजना आहे असे ठणकावून सांगितले जाई, पण अशी योजना आखलेली नव्हतीच, ही गोष्ट निर्मात्यांनी नंतर मोकळेपणी मान्य केली. म्हणजे एलेनच्या चाचणीचा प्रसंग लिहिला गेला तेव्हा ती सायलॉन नव्हती, नुसती संशयाची सावली होती. पण यामुळे चाहत्यांचा प्रयत्न फोल ठरत नाही. लेखकाच्या मनात काय होते हा एक प्रश्न झाला, आणि पडद्यावर जे उतरले त्यातून काय निष्पन्न होते हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला चाहते ज्या शिस्तीने भिडतात तिला हसणाऱ्यांनी एकदा त्यांची मांडणी वाचावी. रॅग्नारच्या प्रारणाचा पुरावा शोधून काढणारा माणूस पुरावा, गृहीतक आणि अपवाद यांत फरक करायला शिकलेला असतो. माझी तक्रार एवढीच की ही शिस्त यंत्राच्या आतल्या भागाला लावली जाते आणि यंत्राच्या बाहेर जे उभे आहेत त्यांना लावली जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. युद्धात गुप्तता लागते. बूमर समोर उभी असताना बाल्टारने लाल दिवा जाहीर करायचा म्हणजे मरण ओढवून घ्यायचे. हे मान्य. पण संशयितापासून निकाल लपवणे वेगळे आणि ज्याच्या शिरावर ताफ्याची जबाबदारी आहे त्याच्यापासून लपवणे वेगळे. बूमर खोलीबाहेर पडल्यावर अडामाला निरोप द्यायला किती वेळ लागला असता? आणि दोष एकट्या बाल्टारचाही नाही. दुसऱ्या माणसाने नमुना तपासावा, नमुने नावाशिवाय नुसत्या क्रमांकांवर यावेत, ज्ञात सायलॉनाचे रक्त मधूनच गुपचूप घालून यंत्राची आणि यंत्रचालकाची परीक्षा घ्यावी, यातले काहीच अडामाने किंवा राष्ट्राध्यक्ष रॉझलिनने मागितले नाही. त्यांनी भांडण केले ते रांगेवरून. अडामाच सायलॉन असेल या संशयाने रॉझलिनला त्याची चाचणी आधी हवी, तर अडामाला ती थांबवून एलेनची आधी करून हवी. सत्तेच्या जागी बसलेल्यांना यंत्राकडून ज्ञान नको होते, हत्यार हवे होते. ‘ब्लेड रनर’ या १९८२ च्या चित्रपटात रेचेल हेच एका वाक्यात विचारते: दुसऱ्यांची माणूसपणाची चाचणी घेणाऱ्या डेकार्डने ती स्वतः कधी दिली आहे का? त्याचे उत्तर येत नाही, आणि त्या चित्रपटाच्या चाहत्यांचे भांडण तेवढ्यावरच चाळीस वर्षे चालू आहे.

तिसरा आक्षेप विज्ञाननिष्ठ वाचकाचा. डीएनए चाचणी आली, तिने अनेक निरपराधांना तुरुंगातून सोडवले, मग उद्या खरोखर अचूक ओळखयंत्र आले तर? येऊ दे, स्वागतच आहे. पण डीएनएवर न्यायालये विश्वास ठेवतात त्याचे कारण रसायनशास्त्र जितके आहे तितकीच त्याभोवतीची व्यवस्था आहे. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातून कुठे गेला याची नोंद राहते, उरलेला भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो, आरोपीच्या वकिलाला तज्ज्ञाची उलटतपासणी करता येते. यातली एक कडी तुटली की तोच डीएनए न्यायालयात लटका पडतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीच्या फिती दूरचित्रवाणीवर झळकल्या तेव्हा त्या पाहून घराघरांत निकाल लागले होते. २००८ मध्ये पुण्यातील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात शिक्षा सुनावताना मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला, आणि त्याची चर्चा जगभर झाली. आरोपीच्या मेंदूला गुन्ह्याचा ‘अनुभव’ आहे की नाही हे यंत्र सांगते, असा त्या चाचणीचा दावा होता. दोन वर्षांनी, ५ मे २०१० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निकाल हा स्वतःच पुरावा म्हणून चालणार नाही. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवायची, वकील मिळू द्यायचा, चाचणी स्वतंत्र संस्थेने घ्यायची. यंत्र किती टक्के अचूक आहे याची वाट पाहत न्यायालय थांबले नाही. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये कोण उभे राहील ते त्याने आधी ठरवले. ताफ्याने हेच करायला हवे होते, आणि चाहत्यांनी आपल्या तर्काची सुरुवात इथून करायला हवी.

यंत्राची किंमत मोजायची तर तिचा हिशोबही मालिकेने अखेरपर्यंत ठेवला आहे, फक्त तो दोन पर्वांत विखुरलेला असल्याने निसटून जातो. यंत्रासाठी प्लुटोनियम हवे या सबबीवर बाल्टारने अडामाकडे एक अण्वस्त्र मागितले होते. दुसरा शास्त्रज्ञ विचारायला नव्हता, ते खरेच लागते का याची शहानिशा कोणी केली नाही, आणि ते त्याला मिळाले. यंत्राचे नाव पुढे कोणी काढेनासे झाले, पण अण्वस्त्र बाल्टारकडेच राहिले. ते त्याने ताफ्यात लपलेल्या एका सायलॉन स्त्रीला दिले, तिने त्याचा स्फोट केला आणि ‘क्लाउड नाइन’ हे जहाज त्यावरच्या माणसांसह नष्ट झाले. तोवर माणसांना दडून राहायला एक ग्रह सापडला होता आणि सायलॉनांनी त्यांचा माग गमावला होता. त्या स्फोटाचे प्रारण प्रकाशाच्या वेगाने पसरत गेले, वर्षभराने एक प्रकाशवर्ष दूर असलेल्या सायलॉनांच्या उपकरणांनी ते टिपले, आणि त्याच दिशेने येऊन त्यांनी तो ग्रह ताब्यात घेतला. सायलॉन ओळखण्यासाठी दिलेल्या त्या अण्वस्त्राने अखेर ठावठिकाणा दाखवला तो माणसांचा.